पडलेला उठेपर्यंत

विठू उडवीवरून पडला तेव्हा सगळं खळं हसलं होतं. रचलेल्या गंजीवरून भाताचे भारे खाली टाकता टाकता पाय घसरला आणि गडी थेट शेणाच्या पाटीत येऊन बसला. हसणाऱ्यांत मोठा आवाज शेजारच्या कोंडाजीचा. विठू उठेना, तेव्हा कुठे हसू थांबलं. पायाचं हाड मोडलं होतं. पावसाळ्यापर्यंत ते सांधलं, राग मात्र तसाच राहिला.

यंदा तो कुणाच्याच झोडणीला गेला नाही. भात झोडायचं काम सावडीचं. आज आम्ही तुमच्या खळ्यावर, उद्या तुम्ही आमच्या. जो जात नाही, त्याच्याकडे कोण येणार? शिवाय बोलावणं करायला घरधन्यानेच जायचं, बायकोच्या सांगण्यावर कुणी येत नाही. साऱ्या गावाचं भात घरात आलं आणि विठूची उडवी उंदीर खात बसले. धोंडूबाई नवऱ्याला सांगून सांगून थकली. पालथ्या घड्यावर पाणी!

अशात कशेळ्याच्या बाजारात सरकारी सिनेमाची गाडी आली. "भातशेतीचा शिनेमा हाय, चला," म्हणून तिने विठूला ओढून नेलं. भातशेतीचा सिनेमा होता, पण तो लगेच उरकला. मग लागला एक जुना, मुका, विलायती हसायचा सिनेमा. एक रंगारी शिडीवर चढतो, पडतो, उठतो, टोपी झटकतो, पुन्हा चढतो. खाली उभी त्याची बायको दर वेळी तोंड वासून किंचाळते. लोक हसून लोळायला लागले. धोंडूबाईने चोरून नवऱ्याकडे बघितलं. नेमकं हेच दाखवायला आणलं का मी यांना!

विठू टक लावून बघत होता. मध्येच रीळ तुटलं, दिवा लागला, तसा तो मोठ्याने बोलला, "गडी हुशार हाय. शिडी डुलते ती आपल्याला आधी दिसते, त्याला नाय. तिथं मलाबी हसू आलं."

"मग खोट कुठं हाय रं?" मागे बसलेल्या कोंडाजीने विचारलं. वर्षभरात दोघांचं हे पहिलंच बोलणं.

"ती बायको नुसती किंचाळते, तिला दुसरं कामच नाय. आन तेच तेच पडणं किती येळा बघायचं? पण मोठी खोट येगळीच. एवढ्या उंचावरनं पडून हा लगेच उठतो. खरा माणूस नाय उठत."

कोंडाजीने मान खाली घातली. "आमाला वाटलं तू उठशील. म्हणून हसलो रं. उठणार नाय हे ठावं असतं, तर कोण हसलं असतं?"

रीळ जोडून झालं. दिवा विझता विझता विठू म्हणाला, "परवा माझी झोडणी हाय. ये."

धोंडूबाईला रडू फुटलं. पडद्यावर रंगारी पुन्हा पडत होता, त्या हशात तिचं रडणं खपून गेलं.

दुसऱ्या दिवशी विठू घरोघर बोलावणं करून आला आणि ठरल्या दिवशी सगळी सावड आली. विठूला खालीच ठेवून कोंडाजी उडवीवर चढला. दोन भारे टाकले, तिसऱ्याबरोबर तोच घसरला आणि धपकन पेंढ्यात आला. खळ्यावर चिडीचूप. जो तो विठूकडे बघायला लागला. कोंडाजी सावकाश उभा राहिला, एक पाय झाडून बघितला, मग दुसरा.

"उठला रं!" विठू ओरडला. "हसा आता!"

आणि पहिला तोच हसला.