नियम क्रमांक एकशे सत्तेचाळीस

माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, आणि इतकी वर्षं मी ते कौतुकच समजत होते. २०१४ च्या मे महिन्यात लखनौत, गोमती नगरच्या आमच्या ऑफिसात त्या जिभेनं जे केलं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात.

आमची कंपनी कॉलेजांच्या प्रवेशाचे फॉर्म ऑनलाइन भरून घ्यायची. येणारी गर्दी चार सर्व्हरांत वाटून देणारी दोन यंत्रं होती, लोड बॅलन्सर. ती म्हातारी झाली होती, सुटे भागही मिळेनात. नवी यंत्रं आणायची आणि जुन्यांतले नियम त्यांच्यात न्यायचे, ही योजना माझ्याकडे आली. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून सगळे नियम एक्सेलमध्ये काढले. भरले दोनशे बारा! प्रत्येकापुढे दोन रकाने केले: का केला आणि कोणी केला. यंत्रात आम्ही सगळे एकाच लॉगिननं शिरायचो, त्यामुळे 'कोणी' हे फक्त कागदी रजिस्टरात सापडायचं.

ती यंत्रं बसवली होती देवदत्त पाटणकरांनी. जबलपूरचा माणूस, अठ्ठावीस वर्षं लखनौत. ऑफिसात मराठी आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना काका म्हणायची. ऑगस्टमध्ये ते रिटायर होणार होते.

"विभा, त्या पेट्या मी माझ्या हातानं चालू केल्या होत्या," ते एकदा म्हणाले. "बंद पण मीच करीन, हाँ. एवढं बघ."

"काका, त्यात काय! ते बटण तुमचंच."

मग योजनेची बैठक झाली. आमचे साहेब निगम, सात-आठ इंजिनियर, समोसे. एकशे सत्तेचाळिसावा नियम पडद्यावर आला: एका जिल्ह्यातल्या कॉलेजांची सगळी गर्दी फक्त तिसऱ्या सर्व्हरवर. गर्दी वाटण्यासाठी आणलेल्या यंत्राला 'वाटू नकोस' म्हणून सांगायचं! २००७ मध्ये, फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, याच नियमानं तिसरा सर्व्हर कोसळला होता आणि साइट चार तास बंद पडली होती. पुढे त्या सर्व्हरची ताकद वाढवली, पण नियमाला हात लावायला कोणी धजलं नाही. मी तेव्हा अगदी नवी होते. पाटणकरांकडून काहीतरी चुकलं आणि त्यांचं टीम लीडरपद गेलं, एवढंच माझ्या कानावर आलं होतं.

"अब देखते हैं, ये किस महापुरुष का काम है," मी म्हटलं आणि रजिस्टर उघडलं. तारीख होती, खाली नाव होतं: देवदत्त पाटणकर. मी ते नाटकी आवाजात मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काका म्हणाले, "हो जाता है."

निगम साहेब हसत म्हणाले, "पाटणकरजी, मशीन बदलनेवाले दिन आप रहने ही दीजिए. आराम कीजिए."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बटणाचं मला आठवत होतं. मी पुढचा नियम पडद्यावर आणला.

दोन दिवसांनी शेवटची पडताळणी करायला मी थेट यंत्राच्या पडद्यासमोर बसले. तिथे नियमांपुढे लहान शेरे दिसत होते. माझ्या प्रोग्रॅमनं ते यादीत घेतलेच नव्हते. एकशे सत्तेचाळीसपुढे रोमन अक्षरांत, पण मराठीत लिहिलं होतं: तात्पुरता. संध्याकाळी काढणे. वि.

ती 'वि.' मीच होते. नोकरीचा तिसरा आठवडा. त्या जिल्ह्यातली मुलं फॉर्म भरता भरता सर्व्हर बदलला की मध्येच बाहेर फेकली जात होती, काका रजेवर होते. मी शहाणपणा करून सगळ्यांना एका सर्व्हरकडे वळवलं होतं आणि संध्याकाळी विसरून घरी गेले होते. रजिस्टरात लिहायचं असतं, हेसुद्धा तेव्हा मला ठाऊक नव्हतं. माझ्याखेरीज तो शेरा वाचू शकणारा माणूस ऑफिसात एकच होता: काका.

जेवणाच्या सुट्टीत काका डबा उघडत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"काका, १४७ माझा होता."

"माहितेय."

"मग रजिस्टरात तुमचं नाव का?"

"तुझं प्रोबेशन होतं. काढलं असतं तुला. मला कोण काढणार होतं?" त्यांनी माझ्यापुढे पोळी धरली. "घे."

ती पोळी मी हातात घेऊन जागेवर परतले. मी त्याच दिवशी निगम साहेबांकडे जायला हवं होतं. नाही गेले. माझी योजना त्यांना फार आवडली होती आणि वर पाठवायची चालली होती. मी काय केलं, तर यादीत १४७ समोर 'कोणी' या रकान्यात पाटणकर खोडून विभा खांडेकर लिहिलं आणि यादी सगळ्यांना मेल केली. दोनशे बारा ओळी कोणी वाचत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून तर लिहिलं.

एकानंच वाचली. संध्याकाळी काका माझ्या टेबलाशी थांबले.

"नाव लिहिलंस, पाहिलं," ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. "पण विभा, हसले तर सगळ्यांसमोर होते ना."

मला त्या रात्री झोप नाही लागली, पुढच्या तीनही नाही. इतकी स्वतःची लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी सकाळी सहाला सगळे जमलो. जुन्यांचाच नेटवर्कवरचा पत्ता नव्यांना द्यायचा होता, त्यामुळे जुनी बंद केल्याशिवाय नवी लावता येणार नव्हती, आणि आठ वाजता साइट उघडायची होती. बारीकसारीक तपासण्यांत सव्वासात झाले.

"चलिए विभाजी, बंद कीजिए," निगम साहेब म्हणाले.

मी बटणावरून हात मागे घेतला. "सर, उस दिन मैंने पूछा था, किस महापुरुष का काम है." मी सगळ्यांकडे पाहत म्हटलं. "वो मैं थी. २००७ में साइट मेरी वजह से गिरी थी. पाटणकरजी ने अपना नाम लिख दिया, मुझे बचाने को."

कोणी हसलं नाही. निगम साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "ये बात बाद में करेंगे. पैंतालीस मिनट हैं."

मी तिथूनच काकांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला.

"काका, मी सांगितलं. सगळ्यांसमोर. तुम्ही या ना, बटण तुमचं आहे."



"मुलीकडे आलोय, पार शहराबाहेर, बख्शी का तालाबला," ते म्हणाले. "पाचपासून बूट घालून बसलो होतो, तुझा फोन येईल म्हणून. आता निघालो तरी तास लागेल, बेटा. कर तूच बंद."

मी दोन्ही यंत्रं बंद केली.