भिंतीपलीकडचं अर्धं टेबल

“आधी दुसऱ्याच्या तोंडी घास, मग आपल्या. आणि दुसरं म्हणजे घरातलं नव्हे गं. घरच्यांना काय, चिमणीसुद्धा भरवते.”

सासूबाई हे सांगून गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं कपाट नणंदेकडे गेलं, भांडी जावेकडे गेली आणि हा नेम माझ्या वाट्याला आला. सकाळी नामस्मरण, दुपारी घास, रात्री झोपताना दिवसभराच्या चुकांची माफी, एवढंच माझं देवाशी देणंघेणं. पहिलं आणि शेवटचं एकटीला जमतं. मधल्याला मात्र दुसरं माणूस लागतं.

विद्यापीठाच्या रसायनशाळेत काचेच्या नळ्या धुण्याच्या कामावर लागले, तेव्हा पहिल्याच दुपारी घोडं तिथे अडलं. जेवणघरात अकरा जण बसले होते. मी डबा पुढे केला. एका प्राध्यापकांचं पोट बिघडलेलं होतं. दुसऱ्यांनी “कशाबद्दल?” असं विचारलं. तिसऱ्यांनी घास उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिला आणि परत डब्यात ठेवला. जन्म रसायनांत गेल्यावर माणसाचा विश्वास उडतो, त्यांना तरी काय बोल लावणार. सुट्टी संपत आली, पोटात कावळे ओरडत होते, आणि डबा तसाच. तेवढ्यात माझ्या डावीकडच्या भिंतीतून एक हात बाहेर आला.

“मला चालेल,” भिंतीपलीकडून बाईचा आवाज आला.

या भिंतीची हकिकत मला नंतर शिपाईमामांनी सांगितली. पूर्वी तिथे एकच मोठं दालन होतं आणि त्यात चोवीस माणसांचं एकच लांबलचक टेबल. सुतारांनी ते दालनातच बसून केलं होतं. पुढे जागेची वाटणी झाली. अर्धं दालन रसायनवाल्यांना, अर्धं पलीकडच्या ग्रंथालयाला. नकाशावरची रेघ नेमकी टेबलाच्या पोटावरून गेली. टेबल सरकवावं तर जागा नाही, बाहेर काढावं तर दारातून निघत नाही. कापावं, तर सामानाच्या यादीत ‘टेबल, नग एक’ असं लिहिलेलं. कापल्यावर नग किती धरायचे, यावर सही करायला कोणी धजेना. भिंत कोणाच्याच यादीत नव्हती, म्हणून ती बांधणं सोपं. गवंड्याने टेबल मध्ये घेऊन भिंत उभी केली आणि लाकूड फुगतं म्हणून टेबलाच्या पाठीवर वीतभर फट ठेवली. लोकांच्या भिंतींना कान असतात. आमच्या भिंतीला तोंड होतं.

भिंतीलगतची खुर्ची कोणालाच नको असायची, म्हणून ती माझी. पलीकडेही तोच न्याय असणार, कारण तिथे ग्रंथालयाच्या बांधणीवाल्या ताई बसायच्या. जुन्या फाटक्या पुस्तकांना पुठ्ठा घालणं हे त्यांचं काम. नखांच्या कडेला कायम खळ वाळलेली आणि अंगठ्यावर दाभणाचा जुना व्रण. माझे हात सोड्याने भेगाळलेले. अकरा वर्षं आम्ही एकमेकींचे हात पाहिले, तोंड एकदाही नाही. त्यांच्या सुनेचं बाळंतपण मला फटीतून कळलं, माझ्या धाकटीचा निकाल त्यांना फटीतून. मीठ इकडून तिकडे जायचं, लोणचं तिकडून इकडे यायचं. पहिला घास त्यांचा आणि मग माझा. जाऊन भेटावं असं कधी मनातही आलं नाही. आमचं दार एका रस्त्याला, त्यांचं दुसऱ्याच. मध्ये सगळ्या क्रीडांगणाला वळसा, त्यांच्या फाटकावर नोंद, पास आणि दोन जिने. अर्ध्या तासाच्या सुट्टीत कोण जाईल, आणि हात तर इथेच होता.

मग दर्जा तपासणारी समिती आली. अध्यक्ष, हातात जाड पुस्तक घेतलेल्या एक बाई आणि फितीने मोजमाप करणारे एक गृहस्थ. मामांनी त्या बाईंचं नाव निकषबाई ठेवलं ते अध्यक्षांनाही पटलेलं दिसलं, कारण दुपारपर्यंत तेही तसंच म्हणू लागले. निकषबाईंच्या पुस्तकात लिहिलं होतं, की प्रत्येक विभागाच्या जेवणघरात निदान एक टेबल पूर्ण हवं. आमच्याकडे अर्धं. शून्य गुण. पुढच्याच पानावर होतं, की निरनिराळ्या विभागांच्या माणसांनी एका टेबलावर जेवावं, म्हणजे सामूहिक जीवन वाढतं. असं टेबल साऱ्या विद्यापीठात हे एकच. पूर्ण गुण. एकाच फळीला शून्य आणि पूर्ण दोन्ही देता येईनात.

दुसरी बाजू पाहायला अध्यक्ष स्वतः निघाले. पंचवीस मिनिटांनी फटीतून त्यांचा धापा टाकणारा आवाज आला, की मी पोचलो. फितीचं टोक इकडून तिकडे गेलं.

“तुमच्याकडे पाय किती?” त्यांनी विचारलं.

“दोन,” इकडून गृहस्थ म्हणाले.

“इकडेही दोन. म्हणजे चार झाले.”

“चार खरे, पण कोणाचे?” निकषबाई म्हणाल्या.

आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी मध्येच सुचवलं, की भिंतच पाडली तर? निकषबाईंनी पुस्तक चाळून सांगितलं, की मग एक जेवणघर कमी भरेल आणि त्याचे गुण दोन्ही विभागांचे कापले जातील. शेवटी तोडगा निघाला, साप मेला आणि काठीही वाचली असा. टेबलाला हात लावायचा नाही, फट तेवढी बुजवायची. फट बुजली, की इकडच्या माणसाला इकडचं टेबल भिंतीला टेकवलेलं पूर्ण टेबल दिसेल, तिकडच्याला तिकडचं. आणि भिंतीच्या पोटात फळी अखंडच राहणार, तेव्हा सामूहिक जीवनही अबाधित. अहवालात तसं लिहिलं गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या, हात आपोआप उठले.

गवंडी गुरुवारी येणार होता. बुधवारी मी नेहमीसारखा घास पुढे केला. ताईंनी तो घेतला, पण हात मागे नेला नाही.

“उद्यापासून कोणाला देशील गं?”

मी समोरच्या अकरा जणांकडे पाहिलं. प्राध्यापकांचं पोट अजून बरं नव्हतं.

“तुम्हालाच,” मी म्हटलं.

“मधे भिंत असेल.”

“मग फिरून येईन.”

त्या हसल्या. त्यांच्या हसण्याने टेबल हलायचं, ते माझ्या कोपराला कळायचं. “वेडी की काय. येशील तेव्हा सुट्टी संपलेली असेल. आणि मला ओळखणार कशी? मी दिसायला अगदीच चारचौघींसारखी आहे.”

“हात पुढे करा, म्हणजे झालं.”

त्यांनी माझी बोटं घट्ट दाबली. खळीचा वास संध्याकाळपर्यंत हाताला राहिला.

गुरुवारी सकाळी दहाला गवंडी आला आणि अकराला हात धुऊन गेलाही. साडेबाराला मी माझ्या खुर्चीवर बसले. भिंत ओली होती आणि त्यातून काही ऐकू येत नव्हतं. मी डबा उघडला. पोटाचे प्राध्यापक दुसरीकडे बघू लागले. ‘कशाबद्दल’वाले आता निवृत्त झाले होते, पण त्यांच्या जागी आलेल्यांचीही नजर तीच. मी टेबलावर कोपर टेकवून बसले. थोड्या वेळाने फळी अगदी किंचित हलली. हसण्यासारखी नाही. कोणीतरी पलीकडे डबा ठेवला असावा, आणि उघडला नसावा.

मी झाकण लावलं आणि उठले.

प्रमुख दारात भेटले. त्यांनी हळूच आठवण करून दिली, की जेवण विभागाच्याच टेबलावर घ्यायचं असा नवा नियम लागला आहे, आणि समितीच्या पत्राची शाई अजून ओली आहे.

“त्याच टेबलावर चाललेय, सर,” मी म्हटलं. “दुसऱ्या टोकाला.”

त्यांनी खिशातला अहवाल काढला, ते पान पुन्हा वाचलं, टेबलाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. मग दारातून बाजूला झाले.

फाटकाशी मामा स्टुलावर बसले होते. “लेकी, सुट्टी अर्ध्या तासाची, आणि नुसतं जायलाच पंचवीस मिनिटं.”

“घास एकच द्यायचाय, मामा.”

“आणि तुझं जेवण? परत यायचं?”

ते काही माझ्या नेमात नव्हतं. नळावर हात धुतले, पदराला पुसले, डबा सांडणार नाही असा छातीशी धरला आणि क्रीडांगणाच्या कडेकडेने चालू लागले.