पट्टीवरच्या रेघा

ताईचा जीव अगदी मेटाकुटीला आला होता. बार चालवणं हेच काय कमी होतं, म्हणून तिच्या धाकट्या भावाने दहा वर्षांपूर्वी त्यात गाण्याचं खूळ आणून घातलं. दर शनिवारी संध्याकाळी आजूबाजूची मंडळी स्वतः लिहिलेली गाणी इथे येऊन गाणार आणि भाऊ कोपऱ्यातल्या साउंड मिक्सरपाशी बसून त्यांचा आवाज सांभाळणार. ही गाणी ना कधी रेडिओवर लागत, ना कुणाला पाठ होत. ताईने तर एकही धड ऐकलं नव्हतं. गाणं चालू असताना तिला काउंटरवर मान वर करायला फुरसत नसे. पण संसार मोडल्यापासून भाऊ शनिवारच्या जिवावरच दिवस काढत होता, म्हणून ती गप्प बसायची. गप्प म्हणजे ताईच्या मानाने गप्प.

वर्षभरात मात्र आवाज इतका वाढला, की फळीवरचे ग्लास थरथरायला लागले. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. तिथल्या डॉक्टरने तीनदा तक्रार केली. दाढ कोरत असताना खालून दणका बसला आणि हात हलला, तर पेशंटला काय सांगू, असं त्याचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. शेवटी सरकारी पत्र आलं. शनिवारी सहा वाजता अधिकारी आवाज मोजायचं मीटर घेऊन दवाखान्यात बसणार, आणि आवाज मर्यादेबाहेर गेला तर इथलं गाणं कायमचं बंद.

ताईने भावाला शंभरदा बजावलं. तो हो हो म्हणायचा आणि करायचं तेच करायचा. वर दोष वाजवणाऱ्यांवर ढकलायचा. मग ताईने त्यांना धारेवर धरलं. ड्रमवाल्याच्या ड्रममध्ये घरच्या दोन उशा कोंबल्या. गिटारवाल्याला तर असं काही सुनावलं, की तो बिचारा तीन आठवडे फिरकला नाही. आवाज काही तसूभर कमी झाला नाही.

त्या शनिवारी दुपारी ती चरफडत मिक्सर पुसायला गेली. अधिकारी येणार, निदान धूळ तरी दिसू नये. भावाची तिथे एक पद्धत होती. प्रत्येक सरकत्या बटणाशेजारी कागदी चिकटपट्टी लावायची, आवाज जिथे बरोबर वाटेल तिथे पेनाने रेघ मारायची आणि तारीख टाकायची. रेघ बदलली की नवी पट्टी जुनीवरच डकवायची. फडका लागला आणि दर शनिवारी गाणाऱ्या एका चष्मेवालीच्या माइकच्या बटणाजवळचा अख्खा थर सुटून तिच्या हातात आला.

ही चष्मेवाली एकटीच गायची, पहिल्यापासून त्याच बारीक आवाजात. ताईने पट्ट्या एकेक सोडवल्या. सगळ्यांत जुनीवरची रेघ मध्यावर होती. पुढची जरा वर. त्यापुढची आणखी वर. गेल्या महिन्याची तर पार टोकाला भिडलेली. वाजवणारे कुणीही असोत, बटण सरकवणारा हात एकच होता.

भाऊ पाठमोरा बसून वायर गुंडाळत होता. ताई त्याच्या डाव्या अंगाला गेली आणि रोजच्या आवाजात विचारलं, जेवलास का. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तो आपला वायर गुंडाळतोय. मग ती समोर जाऊन उभी राहिली आणि पट्ट्या त्याच्यापुढे धरल्या.

"डावा कान गेलाय," तो म्हणाला. "उजवाही जातोय. सांगितलं असतं तर तू मला इथून उठवलं असतंस."

"त्या गिटारवाल्याला मी काय काय बोलले, आणि तू नुसता बघत राहिलास?"

ताईला इतका संताप आला, की एक ठेवून द्यावी असं वाटलं. आधी त्याला फोन लाव आणि माफी माग, एवढंच ती म्हणाली. त्याने निमूटपणे लावला.

सहाला तिने काउंटर नवऱ्याच्या गळ्यात घातला आणि स्टूल ओढून भावाच्या उजव्या बाजूला बसली. प्रत्येक बटणाशेजारी सगळ्यांत जुनी पट्टी परत चिकटवली होती. भावाचा हात सवयीने वर सरकला, की ती त्यावर चापट मारायची. चांगल्या सात-आठ चापटा झाल्या. अर्ध्या तासाने अधिकारी खाली आला आणि आवाज मर्यादेत आहे म्हणून सही करून गेला. डॉक्टरही दारातून डोकावला आणि परत वर गेला.

चष्मेवाली गातच होती. आज ग्लास थरथरत नव्हते, म्हणून की काय, लोकही बोलायचे थांबले होते. भाऊ तिच्या ओठांकडे एकटक बघत होता. गाणं संपलं. त्याने टाळ्या वाजवणारे हात पाहिले आणि ताईकडे झुकला.

"काय म्हणत होती गं ती?"

म्हणजे हे सोंग किती दिवस चाललं होतं? ताईच्या ओठांवर चार शब्द आले होते, ते तिने गिळले आणि तोंड त्याच्या उजव्या कानाशी नेलं.

"जुन्या घराची किल्ली टाकवत नाही म्हणाली. कुलूप राहिलं नाही, दारही नाही, तरी पर्समध्ये घेऊन फिरते."

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला.

काउंटरवरून नवरा हाका मारत होता, मारेना का. पुढचं गाणं सुरू झालं होतं, आणि त्याचे शब्द लक्षात ठेवायचे होते.