बोनिफासच्या कबरीवरचं पान

मरोळच्या गावठाणातलं देऊळ पोर्तुगीजांच्या काळातलं. देऊळ म्हणजे चर्च; इथले जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात. एके काळी त्याच्या चहूबाजूंनी भातशेती होती. आता एका अंगाला कारखान्यांच्या शेड, दुसऱ्या अंगाला काचेच्या इमारती, आणि मध्ये हे जाड दगडी भिंतींचं कौलारू देऊळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मागे दफनभूमी. ती इतकी लहान, की इथल्या माणसाला मरायचं म्हटलं तरी रांगेत उभं राहावं लागतं, असं बोनिफास म्हणायचा. म्हणून नियमच होता: काही वर्षं जमिनीत, मग कबर उघडून अस्थी कुंपणाच्या भिंतीतल्या कोनाड्यात, आणि मोकळी झालेली जागा पुढच्याला.

बोनिफासची पाळी आता आली होती. जाऊन सहा वर्षं झाली त्याला. त्याची बायको कार्मेलिना सकाळची मिस्साची प्रार्थना आटोपून चाफ्याखालच्या बाकावर बसली होती, आणि तिच्या पिशवीत चर्चच्या ऑफिसने दिलेला फॉर्म होता. त्यात एकच प्रश्न अडला होता. कोनाडा एकट्याचा हवा, की दोघांचा? दोघांचा घेतला, तर पुढेमागे कार्मेलिनाही त्याच्या शेजारी. कुणालाही वाटेल, यात विचार तो काय करायचा? चाळीस वर्षांचा संसार. पण कार्मेलिना तीन आठवडे तो फॉर्म घेऊन फिरत होती, आणि आज भरून द्यायचा शेवटचा दिवस होता.

कारण होतं अबोलीचा गजरा.

बोनिफास गेला त्याच पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी ती मेणबत्ती लावायला आली, तर कबरीवर केळीचं पान. कावळ्यांनी पसरलेली शितं, आणि क्रॉसला गुंडाळलेला अबोलीचा सुकलेला गजरा. तिला वाटलं, कुणाची तरी चूक. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तिने शेजारच्या गंधालीला सहज विचारलं. ती म्हणाली, "काकी, हे पितरांचं पान. सर्वपित्रीला ठेवतात. पण ते आपल्याच माणसाला असतं ना, परक्याला कोण कशाला ठेवेल?"

गंधाली बोलून गेली आणि ऑफिसला पळाली. कार्मेलिनाच्या मात्र डोक्यात किडा शिरला. आपलं माणूस! बोनिफास इथल्याच औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात फिटर होता. ओव्हरटाइम सांगून किती रात्री उशिरा आला, ते तिने आठवून पाहिलं. जुहूला फिरायला नेलं तर भेळ हौसेने खायला घालायचा, पण कधी हातभर गजरा घेऊन दिला नाही. दुसरीकडे कुठे देत असणार, म्हणून! मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा तर सगळ्यात मोठा त्रास. आधी ती दर रविवारी बसून त्याला आठवड्याच्या गोष्टी सांगायची: मुलाचा फोन, गुडघा, पाण्याची टाकी. ते तिने बंद केलं. मेणबत्ती लावायची आणि पाठ फिरवायची. कोण आहे ती, हे शोधायला मात्र पाच वर्षं तिचं धाडस झालं नाही. खरं निघालं तर काय करायचं?

आज मात्र कळायलाच हवं होतं. आज सर्वपित्री अमावास्या होती.

साडेनऊच्या सुमाराला फाटकातून एक बाई आत आली. पासष्टीची, बुटकी, नऊवारी नाही पण साडी घट्ट खोचलेली, हातात स्टीलचा डबा आणि केळीचं पान. कुणाला काही न विचारता ती सरळ बोनिफासच्या कबरीशी गेली. चप्पल काढली, पान मांडलं, त्यावर भात, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, खीर. मग पदराच्या गाठीतून गजरा काढून क्रॉसला बांधला, आणि हात जोडले. इतक्या मायेने, की कार्मेलिनाला बघवेना. देखणी नव्हती बाई, पण हात चांगले होते. वडेही.

कार्मेलिना उठून कबरीपाशी गेली. पाच वर्षं घोकलेली वाक्यं ऐन वेळी गायब.

"कोण तुम्ही?"

"मी सुगंधा. साकीनाक्यावरनं येतंय," बाई हसली. "तुम्ही ह्यांच्यातल्या काय? बरा झाला. तुम्हीच दिवे लावतास ना हय? मी बघतंय दरवर्षी. कोणतरी काळजी घेता, म्हणून बरा वाटता."

"तुमचं नातं काय?" कार्मेलिनाचा आवाज चिरका झाला.

"नाता कसला? पण आयशीपेक्षा जास्त हो. लग्न होऊन इलंय तेव्हा तिच्याच खोलयेत भाड्यान रवलंय. माझा पयला बाळंतपण तिनाच केल्यान. तिच्या पोटाक पोर नाय, मगे पान कोण ठेवणार? माझ्या पास्कूबायक!"

कार्मेलिनाने क्रॉसवरचं नाव पुन्हा वाचलं.

"पास्कूबाय?"

"होय तर. चाफ्यापासून तिसरी. तेरा वर्सां झाली."

"अहो बाई," कार्मेलिना क्रॉसवर बोट ठेवून म्हणाली, "ह्यावर नाव वाचलं नाही?"

"माका इंग्लिश खय वाचूक येता? मधी नवो क्रॉस दिसलो. म्हटलंय, जुनो मोडलो असतलो."

कार्मेलिनाने तिला बाकावर बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. इथे जमीन कायमची कुणाचीच नसते. पास्कूबाय सहा वर्षांपूर्वी भिंतीत गेली, आणि तिच्या जागी हा माझा नवरा. सुगंधाने आधी मान डोलावली. मग हिशेब लागला तशी तिने कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे सहा वर्सां बाय माझी उपाशी रवली?"

तिच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. आणि कार्मेलिनाला हसू फुटलं. इतकं, की थांबेना. हसता हसता ती रडायला लागली, आणि सुगंधाला कळेना की आता कुणी कुणाला सांभाळायचं. पाच वर्षं तिने त्या गरीब माणसाशी अबोला धरला होता, आणि तो बिचारा दुसऱ्याचे वडे खात गप्प पडून होता. तिला त्याची दया आली, आणि लाज वाटली स्वतःची.

"वडे आवडायचे हो त्याला," ती डोळे पुसत म्हणाली. "चला, तुमची बाय शोधू."

दोघी भिंतीच्या कडेने गेल्या. कार्मेलिना एकेक पाटी वाचत होती. खालून दुसऱ्या ओळीत, शेवाळलेल्या पाटीवर पास्कूबाय सापडली. सुगंधाने पदराने पाटी पुसली, कितीतरी वेळ पुसत राहिली. मग जाऊन पान आणलं. पण कोनाड्यापुढे ठेवायला जागाच नव्हती. पान निसटायला लागलं, तेव्हा ते खाली जमिनीवर मांडावं लागलं. तिकडे एक कावळा सवयीने बोनिफासच्या क्रॉसवर येऊन बसला होता आणि पान नसलेल्या कबरीकडे मान वाकडी करून बघत होता.

सुगंधाने ते पाहिलं. पानातला एक वडा उचलून ती परत गेली आणि कबरीवर ठेवला. गजरा सोडायला हात लावला, तशी कार्मेलिना म्हणाली, "तो राहू दे. सवय झालीय त्याला."

"मगे बायक?"

"अर्धा तोडा ना."

सुगंधा गेल्यावर कार्मेलिना कबरीपाशी खाली बसली. गुडघा कुरकुरला, तरी बसली. "चुकले रे," ती म्हणाली. मग मुलाच्या बदलीपासून सुरुवात केली. गंधालीचं लग्न, पाण्याची टाकी, दोन्ही गुडघे. ऑफिस बंद व्हायची वेळ झाली तेव्हा कुठे अबोल्याच्या पाच वर्षांतलं चौथं वर्ष सांगून संपत होतं.

खिडकीपाशी क्लार्कने फॉर्म घेतला. "एकट्याचा का दोघांचा, ते लिहिलं नाही, आंटी."

"दोघांचा," कार्मेलिना म्हणाली. "पास्कूबायच्या शेजारचा मोकळा आहे, तो. आणि ऐक, पुढे दगडाची वीतभर फळी बसवून घे, दोन्ही कोनाड्यांपुढे. पान ठेवायला."