ओट्याची कड

"माणसाची सगळी संस्कृती कडेवर उभी आहे. ज्याला कड राखता आली, त्यानं जग राखलं."

हे वाक्य मी हात मागे बांधून, ग्रॅनाइटच्या कारखान्यात उभा राहून उच्चारलं. नेमकं तेव्हाच कापायचं मशीन सुरू झालं. संस्कृती कशीबशी बाहेर पडली, जग मशीननं खाल्लं.

"काय म्हणालात, बाबा?" सूनबाई ओरडली.

"काही नाही. हवा छान आहे म्हटलं."

हवेत दगडाची भुकटी होती.

विषय ओट्याचा होता. मुलाच्या आणि सुनेच्या नव्या घरात सगळं झालं होतं, फक्त स्वयंपाकघराचा ओटा राहिला होता. दरम्यान त्यांचा संसार मात्र आटोपला. भांडीबिंडी न आपटता, अगदी सभ्यपणे, दोघांनी वेगळं व्हायचं ठरवलं. घर विकायचं आणि मग दोघं दोन दिशांना. तोवर दोघंही माझ्याकडे, दोन खोल्यांत. आणि बिनओट्याचं घर कुणी घेत नाही, असं एजंटचं म्हणणं.

कारखान्याच्या मालकाचा एक नियम होता. कड घासायच्या आधी नवऱ्यानं आणि बायकोनं, दोघांनी, एकाच नमुन्यावर बोट ठेवायचं. सही चालत नसे. "सही करून माणसं घरी जातात आणि तिथं भांडतात," तो म्हणे. "मग शिव्या मला. घासलेला दगड मी परत कुठून आणू?"

मला हा माणूस देवासारखा वाटला. बोट नाही तर कड नाही, कड नाही तर ओटा नाही, ओटा नाही तर विक्री नाही. माझं घर भरलेलं राहणार होतं ते या एका नियमावर.

तेव्हा मी कामाला लागलो. मुलाला एकट्याला गाठून म्हटलं, "गोल कड म्हणजे साबणाची वडी रे. कड कशी सरळ हवी." सुनेला म्हटलं, "सरळ कड म्हणजे कोर्टाची पायरी गं. हात फिरवला तर मायेनं फिरायला हवा." काम फत्ते झालं. दोघं महिनोन्महिने कडेवरून भांडत होते. "तुला दगडातलं काय कळतं?" "तुझ्याबरोबर राहून दगडच कळतो!" मी माझ्या खोलीत पडून ऐकायचो आणि सुखानं झोपी जायचो. भांडायला का होईना, माणसं समोरासमोर उभी राहतात.

आज मालकानं टेबलावर नमुने मांडले. सरळ, अर्धगोल, पूर्ण गोल, आणि एक लाटेसारखी नक्षीची कड. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही.

"बोला साहेब."

मुलगा बायकोकडे वळला. "तुला गोल हवी होती ना? गोल करू."

"नको," ती म्हणाली. "तू म्हणत होतास ती सरळच बरी."

"अगं, खरंच गोल चालेल."

"नाही रे, सरळच."

मला तर हुंदकाच यायचा बाकी राहिला. एवढा समजूतदारपणा त्यांनी लग्नातही दाखवला नव्हता! मी मनातल्या मनात ओट्यावर चहा ठेवून मोकळा झालो.

"एजंट म्हणाला, सरळ कड कुणालाही चालते," मुलगा म्हणाला.

"मलाही तेच म्हणाला. गिऱ्हाईक नाक मुरडत नाही."

आणि दोन बोटं सरळ नमुन्यावर टेकली. एकमेकांना लागणार नाहीत इतपत अंतर ठेवून.

"अरे, पण गोलाईचं कसं असतं..." मी सुरुवात केली.

"बाबा," सून म्हणाली. किती गोड म्हणाली! दुसऱ्याच्या वडिलांशी बोलतात तशी. "आम्हाला कुठं राहायचंय तिथं?"

मशीन सुरू झालं. पांढऱ्या पाण्यातून कड सरळ बाहेर येत गेली. मी डोळ्यांत तेल घालून पाहत होतो. एखादा टवका उडाला असता तर त्यावर जीव ओवाळून टाकला असता. टवका उडाला नाही. मालक फार चांगला कारागीर होता, मेला.

"ही पुढं गोल करता येते का?" मी हळूच विचारलं.

"येते की, काका. दोघांना घेऊन या."

मी तिथल्या स्टुलावर बसलो.

"ऑफिसला निघतो, बाबा," मुलगा म्हणाला, आणि त्याची गाडी गेली. "येते हं, बाबा," सून म्हणाली, आणि तिची गाडी गेली. मला दुसरा घरी सोडणार, असं दोघांनाही वाटलं असावं. फाटकापाशी एक डावीकडे वळली, एक उजवीकडे. आता घरात रात्री भिंतीपलीकडून काही ऐकू येणार नव्हतं. आवाज चढवण्यासारखं त्या दोघांत काही उरलंच नव्हतं, आणि ते उरवायला माझ्याकडे दुसरा दगड नव्हता.

मालक रबरी नळी ओढत आला आणि माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, काहीतरी धीराचं बोलेल.

"काका," तो म्हणाला, "पाय जरा वर घेता का? पाणी मारायचंय."