बुडणारी पट्टी

पावसाने डोंगराचा कडाच नदीत लोटला होता आणि त्या दगडमातीच्या ढिगाऱ्यामागे विस्तीर्ण तळे साचले होते. ते फुटते, तर खालची वस्ती वाहून गेली असती. म्हणून भूवैज्ञानिक बाईंनी ढिगाऱ्यातून चर खणवला होता आणि आपल्या आत्यासह सारी वस्ती टेकडीवरच्या शाळेत आणून बसवली होती. आता पाणी चरातून ओसरते की चढते, एवढाच प्रश्न उरला होता.

दुपारी शाळेत बाईंना तळ्यावर पाणी मोजायला बसवलेल्या मोजणीदाराचा फोन आला. "बाई, पाणी वीतभर चढलं!"

पाऊस सकाळीच थांबला होता, चर भरभरून वाहत होता. मग पाणी चढावे तरी कसे? एकाएकी बाईंनी विचारले, "मोजपट्टी रोवलीत कुठे?"

"ढिगाऱ्याच्या कडेला. तुम्हीच बजावलं होतं, पट्टीशिवाय कशाकडे बघायचं नाही म्हणून!"

"अहो, मग चिखलात पट्टीच खाली जातेय! काल खडकावर पाण्यालगत रंगाची रेघ मारली होती, ती बघा."

क्षणभर नुसता खळखळाट ऐकू आला. मग मोजणीदार ओरडला, "रेघ हातभर वर राहिलीय! तळं उतरतंय, बाई!"

बाईंनी आत्याला कमरेला धरून उचलले आणि फळ्यासमोर गरगर फिरवले.

"अगं सोड, भोवळ येतेय! म्हणजे तुझी काठीच बुडत होती?"

"हो, आत्या!"

"आणि मी इथे जीव मुठीत धरून बसले! चल, निघते मी घरी."

"तळं रिकामं होईपर्यंत एक पायरीसुद्धा उतरायची नाही," असे बजावून बाईंनी तिला आणखी एक गिरकी दिली.