किराण्याचं जहाज

बेबीनंदाच्या तोंडी लागायची धावडा गावात कुणाची छाती नव्हती. पोरगा सूरज नौदलात गेला. जहाजाची पसंती लिहून द्यायची वेळ आली तेव्हा तो सुट्टीवर घरीच होता. त्याला तोफांचं जहाज पाहिजे होतं. पण आईनं असा आकांत मांडला की बिचाऱ्यानं मुकाट्यानं रसदीचं जहाज लिहिलं. पीठ, भाजी, डिझेल भरायचं आणि भर समुद्रात लढाऊ जहाजांना नेऊन द्यायचं. झालं! तेव्हापासून बाई निर्धास्त. टीव्हीवर लढाईच्या बातम्या लागल्या तरी ही आपली खुशाल शेंगा फोडत बसायची.

त्या दुपारीही तसंच. चुलत दीर तातेराव ओट्यावर टेकला. वीस वर्षं फौजेत ट्रक चालवून आलेला माणूस.

"भाऊजी, लढणाऱ्यांना लढू द्या," ती म्हणाली. "आमचं पोरगं किराणा वाटून राह्यलं. किराणावाल्याला कोण मारतंय?"

तातेराव हसला. "बिलकुल उलटं हाय, वयनी. आमचा राशनचा ट्रक निघाला की दुश्मन आधी आम्हालाच हुडकायचा. एक ट्रक उडवला की पुढचे शंभर उपाशी. तसंच ते जहाज. ते बुडालं की बाकीचे तेलावाचून जागच्या जागी बंद. पहिला नेम त्याच्यावरच."

बोलून गेला आणि मग त्यानं जीभ चावली. बेबीनंदाच्या हातातली शेंग हातातच राहिली. म्हणजे आपणच पोराला नेऊन तिथं उभं केलं? आपल्या हातानं?

चार दिवस सूरजचा फोन लागेना. पाचव्या दिवशी जहाज बंदराला लागलं आणि त्याचाच आला.

"तुमच्या जहाजावर पहिला नेम असतो म्हणं. खरं का रे?"



"खरं हाय, माय."

"तुला कवा कळलं?"

"ट्रेनिंगलाच शिकवल्तं."

"मंग लिवताना बोलला का न्हाई, मे..." रोजचं 'मेल्या' तिनं अर्ध्यावरच तोडलं.

"काय बोलू, माय?" सूरज हळूच म्हणाला. "तीन दिस तू अन्नाला शिवली नव्हती. मी ते जहाज लिवलं, अन् तू भाकर खायला बसली."